ज्याची वही त्यालाच दिसावी: जँगोमध्ये रोलशिवाय लॉगिन

लॉगिन शिकवणारे बहुतेक धडे दुसऱ्याच पानावर ॲडमिन, मॅनेजर, स्टाफ अशी उतरंड मांडून बसतात. रोलचं एक टेबल, परमिशनचं दुसरं, दोन्ही जोडणारं तिसरं, आणि अजून एकही माणूस लॉगिन झालेला नसतो. नवीन शिकणारा तिथेच दमतो. छोट्या ॲपना यातलं बहुतेक काही लागतच नाही.

उदाहरणाला शेतखर्चाची वही घेऊ. औशाचा किंवा परतूरचा शेतकरी खरिपात सोयाबीन पेरतो. बियाण्याची पिशवी, डीएपी, फवारणी, खुरपणीचं गुत्तं, मळणी, मोंढ्यापर्यंतचं टेम्पोभाडं असा खर्च तो टाकत जातो. शेवटी आडतीवरून पट्टी आली की हमाली-तोलाई वजा जाऊन हातात काय पडलं तेही लिहितो. असे शंभर शेतकरी ॲप वापरत असले तरी त्यांत कुणी कुणाचा साहेब नाही. त्यामुळे ॲपला दोनच गोष्टी विचारायच्या असतात: आलेला माणूस कोण, आणि त्याने मागितलेली नोंद त्याचीच आहे का.

पहिल्याचं उत्तर जँगो, म्हणजे वेब ॲप बांधायचं पायथनमधलं फ्रेमवर्क, जवळजवळ तयार देतं. दुसऱ्याचं तुम्हालाच लिहावं लागतं, आणि पाणी मुरतं ते तिथेच. वेब ॲपच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेची धोक्यांची २०२१ ची यादी पाहिली तर पहिल्या क्रमांकावर ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’ आहे, म्हणजे लॉगिन झालेल्या माणसाला नको ते दिसणं. म्हणून या लेखात लॉगिनचं पान भरभर उरकू आणि ‘नोंद कुणाची’ यावर जास्त वेळ थांबू.

पायथन येतं आणि जँगोचा सुरुवातीचा धडा एकदा करून झालाय असं धरतो. आवृत्ती ५.२, एप्रिल २०२५ ची, लांब मुदतीच्या आधाराची. कोडातली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजीतच टाइप करायची.

पहिलं काम: मायग्रेट करायच्या आधी यूझर मॉडेल

प्रोजेक्ट काढला की लगेच मायग्रेट मारायची सवय असते. थांबा. आधी ‘खाती’ नावाचं ॲप काढा, त्यात ॲबस्ट्रॅक्टयूझरवरून स्वतःचं यूझर मॉडेल बनवा आणि सेटिंग्जमध्ये ऑथ_यूझर_मॉडेल त्याच्याकडे वळवा. क्लासच्या आत नुसतं ‘पास’ लिहिलं तरी चालेल. मग मेकमायग्रेशन्स, मग मायग्रेट. हे काम पुढे ढकललं तर तोवर डेटाबेसातले सगळे संदर्भ जुन्या यूझर टेबलाला चिकटलेले असतात आणि ते सोडवताना घाम फुटतो.

ॲबस्ट्रॅक्टयूझरसोबत ग्रुप, परमिशन, इज_स्टाफ, इज_सुपरयूझर हे सगळं लटांबर येतं. रोल नकोत तर हे कशाला, असं वाटेल. ॲबस्ट्रॅक्टबेसयूझर नावाचा सडपातळ पर्यायही आहे, पण त्यात मॅनेजरपासून सगळं स्वतः लिहावं लागतं आणि बाहेरची पॅकेजं हे रकाने गृहीत धरत असल्याने मध्येच रुसतात. माझं मत सरळ आहे: ॲबस्ट्रॅक्टयूझर घ्या आणि ती टेबलं रिकामी पडू द्या. रिकाम्या टेबलाचा कुणाला त्रास नाही.

ॲडमिनचं पान मात्र चालू सर्व्हरच्या यूआरएल फाइलमधून काढून टाका. ते ठेवलं की इज_स्टाफ हा एक रोलच झाला, आणि त्या खात्याला सगळ्यांच्या वह्या उघड्या.

सेटिंग्जमध्ये आहातच तर टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा. जँगो मुळात यूटीसी देतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ. रात्रीच्या लायटीवर पाणी देऊन पहाटे पाचला घरी आलेल्या माणसाने नोंद टाकली, तर यूटीसीत ती आदल्या दिवसाच्या तारखेला पडते.

वापरकर्त्याचं नाव काय ठेवायचं

जँगोचं यूझरनेम युनिकोड स्वीकारतं असं लिहिलेलं असतं, म्हणून मराठी नाव चालेल असं वाटतं. करून पाहा. ‘कमल’ चालतं, ‘गणपत’ चालतं. ‘सुमन’ अडतं, ‘दत्ता’ही अडतं. कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘अक्षर’ म्हणजे सुटं अक्षर; काना, वेलांटी, उकार, हलन्त, अनुस्वार त्यात मोजले जात नाहीत. ज्याच्या नावात मात्रा नाही तोच आत जातो. वरून संदेश येतो की फक्त अक्षरं आणि आकडे वापरा. बिचाऱ्या सुमनने अक्षरंच तर वापरलेली असतात!

मोबाइल नंबर हाच यूझरनेम ठेवावा असं मी म्हणेन. ईमेल बहुतेकांचा असतो, पण तो फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला. त्याचा पासवर्ड दुकानदारालाही आठवत नाही. नंबर मात्र पाठ असतो.

नंबर साठवण्याआधी तो एका साच्यात आणावा लागतो. कुणी मध्ये जागा सोडतं, कुणी आधी शून्य लावतं, कुणी अधिक एक्क्याण्णव. आणि मराठी कीबोर्डवरून आकडे देवनागरीत येतात. इथे एक चकवा आहे. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला ‘कोणताही आकडा’ हा शब्दशः कोणताही आकडा असतो, देवनागरीसुद्धा. म्हणजे दहा आकडे आहेत का ही तपासणी ‘९८…’ ला बिनदिक्कत पास करते आणि तो नंबर देवनागरीतच साठतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस इंग्रजी कीबोर्डवरून नंबर टाकतो आणि खातं सापडत नाही. तो नवीन खातं काढतो. आता एका शेतकऱ्याच्या दोन वह्या; पेरणी एकीत, मळणी दुसरीत.

उपाय म्हणून एकच फंक्शन लिहा, नाव ठेवा ‘नंबर_साफ’. प्रत्येक चिन्ह पाहायचं, आकडा नसेल तर सोडायचं, असेल तर इंट फंक्शनमधून काढून पुन्हा मजकूर करायचा. इंटला देवनागरी आकडे कळतात. शेवटचे दहा आकडे घ्यायचे आणि पहिला ६ ते ९ मधला आहे का बघायचं. साठवताना नंबर मजकूर म्हणूनच साठवा. हे फंक्शन नोंदणीच्या फॉर्ममध्येही बोलवा आणि लॉगिनच्या फॉर्ममध्येही. लॉगिनसाठी ऑथेंटिकेशनफॉर्मवरून आपला फॉर्म काढून त्यात क्लीन_यूझरनेम लिहिलं की झालं.

ओटीपी का नाही, असं कुणीतरी विचारणारच. भारतात असे एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदवावा लागतो. त्याला धंद्याची कागदपत्रं लागतात, शिवाय प्रत्येक एसएमएसचे पैसे वेगळे. आणखी एक गोष्ट: रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. लॉगिन नुसत्या ओटीपीवर असेल तर नव्या सिमवाल्याला जुन्या मालकाची वही आयती मिळेल. सुरुवात पासवर्डनेच करा.

नोंदणी

लॉगिन, लॉगआउट, पासवर्ड बदलणं यांची पानं जँगोत तयार आहेत. नोंदणीचं नाही. यूझरक्रिएशनफॉर्म आहे, पण तो जँगोच्या मूळ यूझरला बांधलेला आहे. त्यावरून आपला फॉर्म काढून मेटामध्ये आपलं मॉडेल द्यावं लागतं.

नाव, नंबर, पासवर्ड आणि कुणाला द्यायचा असेल तर ईमेल, एवढंच घ्या. आधार, जन्मतारीख, जात असे रकाने ‘असू द्या, पुढे लागतील’ म्हणून ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालीच आलाय, आणि जे साठवलंच नाही ते फुटायचा प्रश्न नाही.

फॉर्म न वापरता कोडातून खातं काढत असाल तर क्रिएट_यूझर वापरा. नुसतं क्रिएट वापरलंत तर पासवर्ड जसाच्या तसा डेटाबेसात बसतो. म्हणून पहिलं खातं काढल्यावर डेटाबेस उघडून पासवर्डचा रकाना स्वतः बघा. सुरुवातीला ‘पीबीकेडीएफ२_एसएचए२५६’, मग डॉलरचं चिन्ह, मग १०००००० हा आकडा, मग थोडी यादृच्छिक अक्षरं आणि शेवटी लांबलचक हॅश (पासवर्डवरून काढलेला, पण ज्यावरून पासवर्ड परत काढता येत नाही असा मजकूर), असं दिसलं पाहिजे. दहा लाख ही हॅशच्या आवर्तनांची संख्या, ५.२ मध्ये ती एवढी आहे. पासवर्ड चोरायला बसलेल्याला प्रत्येक अंदाजामागे दहा लाख आवर्तनं करावी लागतात, तुम्हाला मात्र एका लॉगिनला एकदाच. मधली यादृच्छिक अक्षरं म्हणजे सॉल्ट; तिच्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा येतो.

२०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत जिंकलेला आर्गॉन२ हवा असेल तर एक पॅकेज टाकून तो हॅशर यादीत वर ठेवायचा. जुन्या पासवर्डचे हॅश पुढच्या लॉगिनला आपोआप बदलत जातात. सुरुवातीला त्याच्यावाचून अडत नाही.

पासवर्ड कसा असावा याच्या चार तपासण्या नव्या प्रोजेक्टमध्ये आधीच चालू असतात: किमान आठ अक्षरं, सगळे आकडे नकोत, नावाशी फार मिळताजुळता नको, आणि २० हजार नेहमीच्या पासवर्डच्या यादीत नको. त्या तशाच ठेवा. ‘सगळे आकडे नकोत’ हीच इथे सगळ्यात कामाची, कारण लोक आपला मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकतात. यादीचा मात्र फार भरवसा धरू नका. गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड तिच्यातून सहज निसटू शकतो. गावं, देवस्थानं, पिकं अशी आपली यादी जोडता आली तर उत्तम. ‘एक मोठं अक्षर, एक चिन्ह हवंच’ अशी सक्ती करू नका. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच ती आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती, दोन्ही नको म्हटलंय.

पासवर्ड मराठीत टाकला तर? जँगो अडवत नाही, पण ‘शेतकऱ्याची’ या शब्दातला ऱ्य बघा. एक कीबोर्ड तो ऱ आणि हलन्त असा पाठवतो, दुसरा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असा. पडद्यावर काडीचा फरक नाही. हॅश मात्र वेगळा. फोन बदलला की बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो आणि माणूस म्हणतो ॲप बिघडलंय. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोन रूपांना एक करत नाही, ती बदली तुम्हालाच लिहावी लागेल. त्यापेक्षा फॉर्मवर एक ओळ लिहा: ‘पासवर्ड इंग्रजी अक्षरांत ठेवा, म्हणजे कोणत्याही फोनवर चालेल.’

लॉगिन आणि लॉगआउट

ऑथची तयार यूआरएल जोडा, लॉगिनचा टेम्प्लेट ‘रजिस्ट्रेशन’ नावाच्या फोल्डरात ठेवा. नवख्यांना तीन ठेचा लागतात. लॉगिन झाल्या झाल्या ‘अकाउंट्स/प्रोफाइल’ सापडत नाही असं ४०४ येतं. लॉगिन_रीडायरेक्ट_यूआरएल वहीच्या पानाकडे वळवा. लॉगआउटची साधी लिंक ४०५ देते, जँगो ५.० पासून लॉगआउट फक्त पोस्टने होतं, म्हणून छोटा फॉर्म, सीएसआरएफ टोकन आणि बटण. आणि पासवर्ड रीसेटचं पान तुमच्या डिझाइनऐवजी ॲडमिनच्या रूपात उगवतं. इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये आपलं ॲप ॲडमिनच्या वर ठेवा.

नंबर चुकला काय आणि पासवर्ड चुकला काय, जँगो एकच संदेश देतं, आणि खातं नसलं तरी हॅश करण्याइतका वेळ घेतं, म्हणजे घड्याळ लावूनही काही कळू नये. ‘हा नंबर नोंदलेला नाही’ असा जास्तीचा आपुलकीचा संदेश घालून त्यावर पाणी फिरवू नका. नोंदणीच्या पानावर ‘हा नंबर आधीच आहे’ हे कळतंच, ती फट राहते. खर्चाच्या वहीपुरती ती मला चालते.

पासवर्ड किती वेळा चुकवू द्यायचा यावर जँगोत काहीच बंधन नाही. जँगो-ॲक्सेस (django-axes) हे पॅकेज ते काम करतं. ते मुळात आयपी पत्त्यावरून अडवतं, आणि मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे कितीतरी फोन असतात. एकाने चार वेळा चुकवलं म्हणून अख्खं गाव बाहेर, असं नको. नंबर आणि आयपी यांच्या जोडीवर अडवा.

सगळं बंद, मग मोजकं उघडं

जुन्या धड्यांत प्रत्येक व्ह्यूवर लॉगिन_रिक्वायर्ड लावायला सांगतात. तीस व्ह्यू झाले की एक राहतोच. ऑगस्ट २०२४ च्या ५.१ पासून लॉगिनरिक्वायर्डमिडलवेअर आलंय; मिडलवेअर म्हणजे प्रत्येक विनंती व्ह्यूकडे जाण्याआधी जिथून जाते तो थर. ते ऑथेंटिकेशनमिडलवेअरच्या खाली लिहा. सगळी पानं एकदम बंद होतात. लॉगिनचं आणि पासवर्ड रीसेटची पानं जँगोने आधीच मोकळी ठेवली आहेत. नोंदणीच्या व्ह्यूवर लॉगिन_नॉट_रिक्वायर्ड तुम्ही लावायचं, नाहीतर नवीन माणूस ‘नोंदणी करा’ दाबतो आणि परत लॉगिनवरच येऊन पडतो. तुम्ही स्वतः कायम लॉगिन असल्याने हे तुम्हाला दिसणार नाही; इन्कॉग्निटो खिडकीत तपासा.

नोंद कुणाची?

आता मुख्य काम. नोंदीच्या मॉडेलमध्ये ‘मालक’ हा फॉरेन की ठेवा, तो सेटिंग्जमधल्या ऑथ_यूझर_मॉडेलकडे जाणारा. रिकामा चालणार नाही असा. शेताच्या मॉडेललाही तसाच.

नवख्याचा व्ह्यू असा असतो: पत्त्यातून क्रमांक घ्यायचा, त्या क्रमांकाची नोंद काढायची, दाखवायची. लॉगिन आहे, मिडलवेअर आहे, सगळं ठीक वाटतं. आता पत्त्याच्या पट्टीत ‘नोंद/४१’ आहे तिथे ४२ करा. शेजारच्या शेतकऱ्याची नोंद समोर: सोयाबीन किती कट्टे झालं, भाव काय लागला, आडतीची उचल किती. लॉगिनने एवढंच पाहिलं की तुम्ही कुणीतरी आहात.

दुरुस्ती एका ओळीची आहे. गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ ला नुसता क्रमांक देऊ नका, क्रमांक आणि मालक दोन्ही द्या, आणि मालक म्हणून रिक्वेस्ट.यूझर. नोंद दुसऱ्याची असली की ४०४. इथे ४०३ देण्याचा मोह होतो, पण ४०३ म्हणजे ‘आहे, पण तुला नाही’ अशी कबुली. ४०४ पुरे. पत्त्यात साध्या क्रमांकाऐवजी यूयूआयडी, म्हणजे लांबलचक यादृच्छिक ओळखक्रमांक, घातला तर अंदाज बांधणं अवघड होतं, पण पत्ता व्हॉट्सॲपवर एकदा गेला की संपलं. मालकाची तपासणी हवीच.

पाहायच्या पानावर हे सगळे करतात. निसटतं ते आजूबाजूला.

बदल आणि खोडणं. पान उघडताना मालक तपासला, पण पोस्ट आल्यावर नोंद पुन्हा नुसत्या क्रमांकाने काढली, असं फार दिसतं. क्लास-बेस्ड व्ह्यू वापरत असाल तर गेट_क्वेरीसेट एकदाच लिहून त्याचं मिक्सिन करा आणि लिस्ट, डिटेल, अपडेट, डिलीट या चारही व्ह्यूंना तेच जोडा.

मग फॉर्ममधला ‘मालक’. मॉडेलफॉर्मला सगळे रकाने द्या म्हटलं की मालकाचाही रकाना येतो. टेम्प्लेटमध्ये तो लपवला तरी पोस्टमध्ये दुसऱ्याचा क्रमांक घालून पाठवता येतो. फॉर्ममध्ये तो ठेवूच नका. सेव्ह करताना कमिट फॉल्स, मग मालक रिक्वेस्ट.यूझर, मग सेव्ह.

सगळ्यात जास्त निसटतं ते ड्रॉपडाउन. खुरपणीचा खर्च टाकताना ‘कोणतं शेत’ अशी यादी येते. चाचणीला एकच खातं असतं, त्यामुळे यादीत दोनच शेतं दिसतात, छान वाटतं. शंभर शेतकरी आले की त्याच यादीत शंभर जणांचे गट नंबर आणि ‘ओढ्याकडचं’, ‘पांदीजवळचं’ अशी शेतांची नावं ओळीने. कारण मॉडेलफॉर्म फॉरेन कीसाठी त्या टेबलातलं सगळं काही आणतो. फॉर्मच्या इनिटमध्ये यूझर घ्या आणि शेत या रकान्याचा क्वेरीसेट त्या यूझरच्या शेतांपुरता करा. याने यादी तर छोटी होतेच, शिवाय कुणी दुसऱ्याच्या शेताचा क्रमांक घुसवून पाठवला तर फॉर्म तो नाकारतो.

बेरजा. एकरी खर्च काढणाऱ्या पानावर समच्या आधी मालकाचा फिल्टर राहिला तर आकडा नुसता मोठा दिसतो; फुटलंय हे लवकर लक्षातही येत नाही. एक्सेल उतरवून घ्यायच्या बटणाचंही तेच.

आणि पट्टीचा फोटो. शेतकरी पट्टीचा फोटो चढवणार, तो मीडिया फोल्डरात जाणार, आणि चालू सर्व्हरवर ते फोल्डर एनजिनएक्स, म्हणजे जँगोच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर, थेट देतो. जँगोला विचारतही नाही. मिडलवेअर, मालक, काही लागू नाही. ज्याच्याकडे फोटोचा पत्ता, त्याला फोटो. पट्टीवर नाव, वजन, भाव, उचल सगळं असतं. म्हणून हे फोल्डर एनजिनएक्समध्ये उघडं ठेवू नका. फोटोसाठी वेगळा व्ह्यू लिहा: नोंद मालकासकट शोधायची, सापडली तर फाइलरिस्पॉन्सने फोटो द्यायचा. गर्दी वाढली तर पुढे हेच काम एनजिनएक्सच्या अंतर्गत रीडायरेक्टवर टाकता येतं.

हे सगळं लक्षात ठेवण्याचा भार कमी करायचा असेल तर मॉडेलच्या मॅनेजरमध्ये ‘माझ्या’ नावाची मेथड लिहा, जी यूझर घेते आणि त्याच्याच नोंदी देते. मग नियम असा की व्ह्यूमध्ये ‘ऑब्जेक्ट्स.ऑल’ किंवा ‘ऑब्जेक्ट्स.गेट’ दिसता कामा नये. प्रोजेक्टभर शोध मारला की चोर सापडतो.

थोरला आणि धाकटा

दोन चाचणी खाती काढा. मी त्यांना ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ म्हणतो. थोरल्याच्या नावावर एक शेत, एक नोंद, एक फोटो. धाकट्याच्या नावावर काहीच नाही. वेगळ्या ब्राउझरमधून धाकट्याने लॉगिन करून थोरल्याच्या नोंदीचा, बदलण्याचा, खोडण्याचा आणि फोटोचा पत्ता एकेक चिकटवायचा. चारही ठिकाणी ४०४ आलं पाहिजे. ड्रॉपडाउन रिकामं, बेरीज शून्य.

मग हेच जँगोच्या टेस्टमध्ये लिहून ठेवा. फोर्स_लॉगिनमुळे प्रत्येक टेस्ट पाच-सहा ओळींत होते. खोडण्याच्या टेस्टमध्ये ४०४ आलं एवढ्यावर थांबू नका, नोंद डेटाबेसात अजून आहे का तेही पाहा. नवीन पान जोडलं की धाकट्याची एक टेस्ट जोडायची. लॉगिनच्या पानाला जँगोवाल्यांनी टेस्ट लिहिल्या आहेत. या तपासण्यांच्या टेस्ट तुमच्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

सेशन आणि सेवा केंद्राचा कॉम्प्युटर

लॉगिन झालं की जँगो ब्राउझरला एक कुकी देतं. तिच्यात नुसती सेशनची किल्ली असते, बाकी सगळं सर्व्हरवर. लॉगिनच्या क्षणी ही किल्ली बदलली जाते, म्हणजे आधी कुणी आपली किल्ली चिकटवून ठेवली असेल तर ती फुकट जाते. मुदत दोन आठवडे.

स्वतःच्या फोनवर दोन आठवडेही कमी वाटतात. हंगामात माणूस महिनाभर वही उघडत नाही आणि परत येतो तेव्हा पासवर्ड विसरलेला असतो. उलट तालुक्याला सेवा केंद्रात पीक विम्याचा अर्ज भरायला आलेला शेतकरी तिथल्याच कॉम्प्युटरवर वही उघडून खर्च बघतो आणि उठून जातो. पुढच्या खुर्चीवर दुसरा. म्हणून लॉगिनच्या पानावर ‘हा फोन माझा आहे’ असा चौकोन ठेवा. खूण असेल तर सेट_एक्स्पायरीने ९० दिवस. नसेल तर सेट_एक्स्पायरी शून्य, म्हणजे ब्राउझर बंद केला की संपलं. त्यातही काही ब्राउझर मागची खिडकी पुन्हा उघडताना अशी कुकी जिवंत करतात, त्यामुळे लॉगआउटचं बटण प्रत्येक पानावर, मोठं आणि मराठीत हवं. तीन रेघांच्या मेन्यूत लपवलेलं नको.

फोन हरवला तर? दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलला की जँगो बाकीची सगळी सेशन आपोआप निकामी करतं. हे मदतीच्या पानावर लिहा.

पासवर्ड विसरला

ईमेल दिलेल्यांसाठी तयार रीसेट चालू करा. दुवा तीन दिवस चालतो. पासवर्ड_रीसेट_टाइमआउटने तो एका तासावर आणा.

ईमेल नसलेल्यांसाठी ‘एखाद्याला अधिकार देऊ, तो सगळ्यांचे पासवर्ड बदलून देईल’ अशी कल्पना लगेच सुचते. तो रोल झाला, आणि सगळ्यांत ताकदवान रोल. पंचवीस-पन्नास ओळखीची माणसं असतील तोवर सर्व्हरवर जाऊन चेंजपासवर्ड ही कमांड चालवा. समोरच्याला ओळखून, फोनवर बोलून. ॲपमध्ये त्यासाठी काहीही बांधू नका. माणसं वाढली की मग एसएमएसचा खर्च आणि डीएलटीची कागदपत्रं यांचा विचार.

सर्व्हरवर नेताना

डीबग बंद. सीक्रेट की कोडात नाही, एन्व्हायर्नमेंटमध्ये; गिटहबवर एकदा गेलेली की बदलाच. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, मुदत ९० दिवस, नूतनीकरण आपोआप लावून ठेवा. सेशन कुकी आणि सीएसआरएफ कुकी दोन्हींचं ‘सिक्युअर’ खरं करा, ते मुळात बंद असतं. एचटीटीपीओन्ली आणि सेमसाइटचं लॅक्स सेशन कुकीला आधीच लागलेलं असतं. मग चेक कमांड डिप्लॉय पर्यायासह चालवा. राहिलेलं ती सांगते.

बटईचं काय?

हे ॲप कुणाच्या हातात दिलं की पहिला प्रश्न हाच येतो. शेत एकाचं, कसणारा दुसरा, खर्च-उत्पन्न अर्धं अर्धं. नोंद दोघांना दिसायला हवी. इथे लोक ‘मालक’ आणि ‘बटईदार’ असे रोल काढायला धावतात. पण तोच माणूस स्वतःच्या दोन एकरांत मालक आणि शेजाऱ्याच्या तीन एकरांत बटईदार असतो. रोल माणसाला चिकटतो. इथलं नातं त्या शेतापुरतं आणि त्या हंगामापुरतं आहे.

म्हणून शेताला ‘सहभागी’ नावाचं टेबल जोडा: शेत, यूझर, हंगाम. ‘माझ्या’ या मेथडमध्ये अट वाढवा: नोंदीचा मालक मी, किंवा नोंदीच्या शेतात आणि त्याच हंगामात सहभागी मी. क्यू ऑब्जेक्टने ‘किंवा’ जोडला की एक नोंद दोनदा येऊ शकते, म्हणून शेवटी डिस्टिंक्ट. बेरजेच्या पानावर ही दुहेरी नोंद आकडा फुगवते, तिथे आधी नोंदींचे क्रमांक काढून मग बेरीज करणं बरं. खोडण्याचा आणि सहभागी जोडण्याचा हक्क मात्र मालकापाशीच ठेवा. त्यासाठी जुनी, फक्त मालक पाहणारी अट वेगळ्या मेथडमध्ये राहू द्या. पुढच्या हंगामात बटई दुसऱ्याकडे गेली तर सहभागीची नवी ओळ पडते; जुन्याला त्याच्या हंगामातल्या नोंदी दिसत राहतात, नव्या दिसत नाहीत.

आणि चाचणीत थोरला-धाकट्याच्या जोडीला तिसरं खातं काढा, ‘बटईदार’. त्याला थोरल्याची या हंगामातली नोंद उघडता आली पाहिजे, खोडता येता कामा नये, आणि मागच्या हंगामातली मागितली की ४०४.